सुतळीचा गुंडा

नट वाक्य विसरला, की विंगेतून कुणीतरी ते त्याच्या कानात टाकतं आणि टाळी नटाला मिळते. ते कुणीतरी म्हणजे मी. आमच्या हौशी नाटक मंडळीत उभं आयुष्य मी प्रॉम्प्टिंग केलं. स्टेजवर एकदासुद्धा पाऊल टाकलं नाही, पण मी आजारी पडले तर प्रयोग पुढे ढकलायचे. मंडळी मला कुजबुज मावशी म्हणायची. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे विंगेतल्या स्टुलावर बसणं सुटलं. जीभ मात्र अजून ड्युटीवर आहे, असं चिरंजीव म्हणतात.

या कामात दोन गोष्टी कळाव्या लागतात. एक म्हणजे पूर्ण वाक्य कधी द्यायचं नाही. पहिले दोन शब्द टाकायचे, पुढचं नटाचं नट बघतो. दुसरी गोष्ट शिकवून येत नाही. नट थांबलाय की विसरलाय, हे ओळखायचं. विसरलेल्याचे डोळे वर जातात, जसं काही वाक्य छताला चिकटवून ठेवलंय. थांबलेल्याचे डोळे समोरच्या माणसावर असतात. थांबलेल्याला वाक्य दिलंत तर प्रयोग संपल्यावर तो तुमचा गळा धरायला येतो, आणि त्याचं काही चुकत नाही. माझ्या हातून असं कधी घडलं नाही. म्हणजे सूनबाईच्या भाषणापर्यंत नाही.

आमची सूनबाई भौतिकशास्त्रात आहे. त्यातही सगळ्यात अवघड कोपऱ्यात, जिथे ना यंत्र, ना प्रयोगशाळा. नुसता कागद, पेन आणि खिडकीबाहेर बघत बसणं. त्या विषयात नोकऱ्याही तशाच, हवेतल्या. दोन वर्षं या गावात, तीन वर्षं त्या गावात, मुदत संपली की उचला बिऱ्हाड. विंचवाचं पाठीवर असतं ना, तसं. चिरंजीवांचं काही अडत नाही. ते चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात, आणि कमी दिसणारी माणसं सगळ्या गावांत असतात. अडत होतं ते माझं. कारण ती दोघं लांब कुठेतरी आणि मी इथे, चार खोल्यांत एकटी, रेडिओशी भांडत.

मग नशिबाने सूनबाईला आमच्याच गावच्या विद्यापीठात मुदतीची नेमणूक मिळाली आणि दोघं माझ्याकडे राहायला आली. घर भरलं. बाथरूमसाठी रांग लागायला लागली, फ्रिजमधलं मी ठेवलेलं कुणीतरी खायला लागलं. मी तोंडाने कुरकुर करायचे आणि मनातून इतकी सुखात होते की विचारू नका.

एकच गोष्ट मला टोचायची. मागच्या खोलीत त्यांची खोकी होती, भिंतीला लावून रचलेली, प्रत्येक खोकं सुतळीने उभं-आडवं बांधलेलं. सूनबाई लागेल तेवढंच खोकं उघडायची. तेही कसं? जेवणाच्या काट्याचं टोक गाठीत घालून, जीभ दातांत धरून, चांगली दहा-दहा मिनिटं. मग सुटलेली सुतळी सरळ करून गुंड्यावर गुंडाळायची आणि गुंडा स्वयंपाकघरातल्या खणात, काट्याशेजारी ठेवून द्यायची.

"अगं, कात्री आहे घरात!" मी ओरडायचे.

"लागेल ना आई परत," ती म्हणायची.

तो 'परत' मला दिवसभर ऐकू येत राहायचा. पण मी काही बोलत नसे. दुसऱ्यांची वाक्यं बोलण्यात हयात गेली, स्वतःचं वाक्य आलं की माझी दातखीळ बसते.

तर अशात तिच्या विभागात कायमची जागा निघाली. अर्जांच्या ढिगातून शेवटी दोघंच उरले, एक आमची सूनबाई आणि एक कुणी उंच गृहस्थ. जागा मिळाली तर ती दोघं इथेच, माझ्याजवळ, कायमची. नाही मिळाली तर जगाच्या पार त्या टोकाला एक मुदतीची नोकरी तयार होती, जिथे आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र. म्हणजे पुन्हा खोकी, पुन्हा सुतळी. मला ती दोघं घरात हवी होती. बस्स, दुसरं काही नको होतं.

आता त्या विभागाची एक जुनी खोड आहे. शेवटची फेरी ते आपल्या लोकांसमोर घेत नाहीत. उमेदवाराने ज्यांना विषयाचा गंध नाही अशा माणसांसमोर भाषण करायचं. ऑफिसातले कारकून, माळी, वायरमन, आसपासचे रिकामटेकडे, ज्याला यायचं त्याने यावं, चहा फुकट. विषय ठरलेला, तुम्ही जे करता त्याच्या अगदी मूळच्या गोष्टी सांगा. फळ्यावर गणित लिहायचं नाही. आणि निवड करणारे लोक पुढे न बसता शेवटच्या रांगेत बसतात. ऐकणाऱ्यांच्या पाठी बघून भाषण कसं चाललंय ते कळतं, असं त्यांचं शास्त्र आहे. मला हे ऐकून त्या लोकांबद्दल आदर वाटला. विंगेतून मीही आयुष्यभर डोळे आणि पाठीच बघितल्या.

"म्हणजे तालीम हवी," मी म्हणाले. "माझ्याइतका गंध नसलेला माणूस तुला शोधून सापडायचा नाही. चल, उभी राहा."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मी वाटाणे सोलत बसले, चिरंजीव चहा घेत होते.

"असं समजा आई, आपण कुठलीही वस्तू घेतली, हे टेबल घ्या, आणि ते फोडून बारीक, आणखी बारीक करत गेलो..."

"टेबल माझ्या लग्नातलं आहे."

"समजा म्हणाले, आई. तर अगदी शेवटी, ज्याच्यापुढे बारीक करताच येत नाही, तिथे ठिपके नसतात. तंतू असतात, असं आमचं म्हणणं. लांबी आहे, जाडी नाही."

"कशाचे तंतू? सुताचे?"

"कशाचेच नाहीत. बाकी सगळं त्यांचं बनलेलं आहे."

"कुणी पाहिलेत?"

"कुणीच नाही. दिसण्याइतके मोठे नसतातच ते."

"मग तुम्ही एवढी माणसं पगार कशाचा घेता?"

चिरंजीवांना ठसका लागला आणि चहा नाकातून आला. सूनबाई मात्र रागावली नाही. ती रागावतच नाही, हा तिचा मोठा दोष आहे. शांतपणे म्हणाली, "त्यावर मी भाषणात एक वाक्य घालते." आणि घातलंही.

मग थरथरण्याचं प्रकरण आलं. तंतू एकाच जातीचा, पण असा थरथरला तर आपल्याला तो प्रकाशाचा कण वाटतो, तसा थरथरला तर इलेक्ट्रॉन. हे ऐकल्यावर मी टाळीच दिली. "अगं, हा तर आमचा खलनायक! एकच माणूस, मिशी लावली की दरोडेखोर, मिशी काढली की डॉक्टर. माणसं कमी पडायची ना आमच्याकडे." ती खूप हसली. "हे मी घेऊ?" म्हणाली. मी म्हटलं, घे बाई, त्याने माझ्याकडून चिक्कार वाक्यं घेतलीत, त्याची मिशी तू घे.

पुढचा भाग असा होता. काही तंतूंची दोन टोकं मोकळी असतात, काहींची टोकं जुळून कडं झालेलं असतं. आणि जिथे मोकळ्या टोकांचे तंतू असतील तिथे टोकाला टोक केव्हातरी भेटणारच, म्हणून तिथे कडी ही असणारच. त्या कड्याच्या एका थरथरण्यातून म्हणे गुरुत्वाकर्षण येतं.

"म्हणजे वस्तू खाली पडतात, ते?"

"ते."

"कड्यामुळे?"

"हो."

मला ओ की ठो कळलं नाही. पण वाक्यांना लय होती आणि माझं पाठ झालं. प्रॉम्प्टरला कळावं लागत नाही, पाठ असावं लागतं. चार तालमींत सगळं भाषण मला स्वल्पविरामांसकट येत होतं. भाजी चिरताना म्हणायचे, आंघोळीत म्हणायचे. मधे बसल्याबसल्या मी तिला माझ्या कामातल्या खुब्याही सांगितल्या, डोळे वर जातात त्या सगळ्या.

घोडं पेंड खायचं ते ताणापाशी. तंतूचा अगदी मूळचा गुण म्हणजे त्याचा ताण, असं ती सांगायला लागली, की माझं लक्ष उडायचं. एकदा उडालं, दोनदा उडालं. माझं उडतंय म्हणजे माळ्याचं उडणारच, आणि पाठी बघणाऱ्यांना ते दिसणारच. मी उठले आणि चिरंजीवांच्या पायजम्यासाठी आणलेलं इलॅस्टिक खणातून काढलं.

"हे हातात धर. ओढ. आणि सांग, जितकं लांब ओढाल, तितका ताण जास्त, आणि त्या ताणातच साऱ्या विश्वाचं संगीत!"

शेवटचा तुकडा माझा होता. मला तो फार आवडला होता.

"आई, नेमकं तेच नाही," सूनबाई म्हणाली. "इलॅस्टिक ओढलं की ताण वाढतो. आमच्या तंतूचा वाढत नाही. कितीही लांब करा, तेवढाच राहतो."

"हे कुणाच्या डोक्यात शिरणार? अगं, लोकांना कळेल असं बोल. थोडं इकडेतिकडे झालं तर काय आभाळ कोसळतं? नाटकात सगळं खोटंच असतं. टाळी खरी असते."

"तिथे नाटक नाहीये ना, आई."

मी शेजारणीला बोलावून आणलं. सूनबाईला आधी इलॅस्टिक न घेता सांगायला लावलं, तर शेजारीण घड्याळाकडे बघायला लागली. मग इलॅस्टिक घेऊन सांगायला लावलं, तर बाईने 'अय्या, किती छान' म्हणून टाळ्या वाजवल्या. चिरंजीवही माझ्या बाजूने झाले. नोकरीचा प्रश्न होता. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मला काय हवंय ते तिला कळत असावं, कारण ती जरा वेळाने म्हणाली, "बरं. घेते तुमचं इलॅस्टिक." सुनेशी वाद जिंकायची मला सवय नाही, ती वाद घालतच नाही. त्यामुळे मी दिवसभर गुणगुणत होते.

भाषणाच्या दिवशी निघताना तिने मला दारात थांबवलं. "आई, एक कबूल करा. ओठ हलवायचे नाहीत."

"कानाला खडा," मी म्हटलं आणि कानाची पाळी धरून दाखवली.

ओठ हलले तरी कुणाला दिसू नयेत म्हणून मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. लांबट खोली, उंचावर खिडक्या, पत्र्याच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं. माझ्यानंतर तीन माणसं आली आणि सरळ माझ्याच रांगेत येऊन बसली. बारीक केस कापलेल्या एक बाई. एक काटकुळे गृहस्थ, जे बसल्याबसल्या फाइलच्या कडेला फुलं काढायला लागले. आणि माझ्या अगदी शेजारी एक वयस्कर गृहस्थ, खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून चघळणारे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटची रांग! मी उठून दुसरीकडे जाणार तोच दार बंद झालं आणि सूनबाई पुढे आली. अंग चोरून बसले झालं.

काय सुरेख बोलली! सुरुवातीचं टेबल आलं, 'कुणी पाहिलेत' आलं, 'मग पगार कशाचा घेता' आलं, आणि कारकून मंडळी खुर्च्या वाजवून हसली. मिशीवर तर वायरमनने शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. पाठी बघत होते मी. एकही पाठ सैल नव्हती. कडी आली, गुरुत्वाकर्षण आलं, माळी मान पुढे काढून ऐकत होता. माझे ओठ मिटलेले होते, आतल्या आत मात्र मी तिच्याबरोबर शब्द न् शब्द म्हणत होते, अर्धा श्वास पुढे.

मग तिने खिशातून इलॅस्टिक काढलं. दोन्ही हातांत धरलं. "आता तंतूचा सगळ्यात मूळचा गुण, ताण," म्हणाली आणि इलॅस्टिक ओढलं.

आणि थांबली.

पहिल्यांदा मला वाटलं, वा, विराम छान घेतला. पण विराम संपेना. मी डोळे बघितले. वर गेलेले नव्हते. लोकांवरही नव्हते. डोळे होते स्वतःच्या हातांवर, त्या ताणलेल्या इलॅस्टिकवर. हे काय आहे मला कळेना. एवढ्या वर्षांत असे डोळे मी पाहिले नव्हते. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. एक पाठ सैल झाली. काटकुळ्या गृहस्थांचं फूल अर्धवट थांबलं. माझ्या डोळ्यांसमोर खोकी नाचायला लागली, विमान उडालं, रेडिओ सुरू झाला. विसरली गं, माझी पोर विसरली!

"जितकं लांब..." मी कुजबुजले.

तिने मान वर केली नाही.

"जितकं लांब..." जरा मोठ्याने.

काही नाही. आणि मग जन्मात न केलेली गोष्ट मी केली. पूर्ण वाक्य दिलं. शेवटच्या रांगेतून, उभी राहून, सबंध खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"जितकं लांब ओढाल, तितका ताण जास्त, आणि त्या ताणातच साऱ्या विश्वाचं संगीत!"

सगळ्या पाठी वळल्या. पाठींना तोंडं आली आणि ती सगळी माझ्याकडे बघत होती. निवड करणारे तिघंही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक उगाच म्हणत नाहीत. मी मटकन खाली बसले.

सूनबाईने मात्र मान वर केली आणि ती हसत होती.

"मागून जे वाक्य आलं ते माझ्या सासूबाईंनी दिलं," ती लोकांना म्हणाली. "त्या प्रॉम्प्टर आहेत, त्यांना वाटलं मी विसरले. मी विसरले नव्हते. ते वाक्य मला म्हणवेना, कारण ते खरं नाही. तालमीत म्हटलं होतं मी, तुम्हाला सोपं जाईल म्हणून. पण तुम्ही इतकं नीट ऐकताय, की आता तुमच्यासमोर म्हणायचं जिवावर आलं."

एवढं बोलून तिने इलॅस्टिक पुन्हा वर धरलं.

"हे बघा. वीतभर ओढलं तर थोडं मागे खेचतं. हातभर ओढलं तर जास्त. आणखी ओढलं तर तुटेल. तंतू असा वागत नाही. वीतभर असो नाहीतर गावभर, त्याचा मागे खेचण्याचा जोर तेवढाच राहतो. म्हणून इलॅस्टिकवरून तंतू समजतो, असं मी म्हटलं तर तुम्ही घरी चुकीची गोष्ट घेऊन जाल."

बारीक केसांच्या बाईंनी माझ्या पलीकडून विचारलं, "मग ओढायला लावलेली ताकद जाते कुठे?"

"त्या ताकदीचाच आणखी तंतू होतो," सूनबाई म्हणाली. "इलॅस्टिक ओढलं की आहे तेच पातळ होत जातं. तंतू पातळ होत नाही. जितका ओढाल तितका तो नव्याने होत जातो. त्यामुळे ताण वाढायला कारणच उरत नाही."

"म्हणजे वेल," माळी म्हणाला. "वेल लांबली म्हणून काही विरळ होत नाही."

"इलॅस्टिकपेक्षा वेल पुष्कळ बरी," ती म्हणाली. "पण वेल शेंड्याला वाढते आणि तंतू सगळ्या लांबीभर वाढतो. तेव्हा वेलीतही थोडं खोटं आहे. ते तेवढं मनात ठेवून घ्या."

लोक हसले, माळीही हसला. भाषण पुढे चाललं. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे न बघता एक पेपरमिंटची गोळी पुढे सरकवली. मी ती घेतली आणि तोंडात टाकली. निदान तोंड तरी बंद राहील.

घरी आम्ही दोघी चालत आलो. लाँड्रीवरून, चपला शिवणाऱ्यावरून, चिरंजीवांच्या दुकानावरून. ते काचेतून हात हलवत होते, मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. सूनबाईच्या बोटाला अजून इलॅस्टिक गुंडाळलेलं होतं.

"चुकले मी," मी म्हणाले. "तोंडाला कुलूप लावून घ्यायला हवं होतं. मला वाटलं विसरलीस."

"माझे डोळे वर गेले होते?"

"नाही."

"मग लोकांवर होते?"

"नाही. हातांवर होते. हातांवर डोळे असणारा नट मला आजवर भेटलेलाच नाही, मी काय करू!"

ती खळखळून हसली. मला मात्र हसू येईना. आणि जे बोलायचं नाही असं मी कधीपासून ठरवलं होतं, ते रस्त्यात, फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत बोलून बसले.

"खरं सांगू? मला तुझ्या त्या ताणाबिणाचं काही पडलेलं नव्हतं. तुम्ही जाऊ नये एवढंच हवं होतं. तुझा तंतू असेल शहाणा, कितीही लांब गेला तरी ताण तेवढाच. मी इलॅस्टिक आहे बाई. तुम्ही जितकी लांब गेलात तितकं मला ओढलं. दर वेळेला. फोनवर मी 'मजेत आहे' म्हणायचे ना, ते सगळं खोटं होतं."

सूनबाई चालायची थांबली. "आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मला कुणी पहिले दोन शब्द दिले नाहीत."

तिने माझा हात आपल्या हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. गुडघा दुखत होता तरी मी सावकाश चालले, म्हणजे रस्ता लवकर संपायला नको.

त्यानंतर निकालाची वाट बघणं आलं. चिरंजीव जास्तीचे विनोद करायचे आणि ते नेहमीपेक्षाही वाईट असायचे. मी मात्र, का कोण जाणे, पहिल्यासारखी घाबरलेली नव्हते. जे बोलायचं ते बोलून झालं होतं. ती दोघं गेली असती तरी आता मला 'मजेत आहे' म्हणायची सक्ती नव्हती, आणि त्यानेच निम्मं ओझं उतरलं होतं.

एका सकाळी मी बटाटे सोलत बसले होते. चिरंजीव दुकानात गेलेले. फोन वाजला. सूनबाईने पॅसेजमध्ये जाऊन घेतला. "हो, बोलतेय," म्हणाली. मग "हं" म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. शेवटी "बरं, आभारी आहे" म्हणून फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

स्वयंपाकघरातून मला ती पूर्ण दिसत होती. डोळे वर नव्हते, माझ्यावर नव्हते. हातांवर होते. माझ्या जिभेवर दोन शब्द येऊन बसले, 'काय म्हणाले'. दातांशी आले. मी ते गिळले. या डोळ्यांना वाक्य द्यायचं नसतं, एवढं मी शिकले होते. सोललेला बटाटाच पुन्हा सोलत राहिले. तो चांगला सुपारीएवढा झाला.

ती आत आली. माझ्याकडे न बघता ओट्याशी गेली आणि खण उघडला. तोच खण, ज्यात काटा आणि सुतळीचा गुंडा असायचा. आलं म्हणजे 'परत'. चला, म्हटलं, बांधाबांधीला मदत तरी करू. मी सुरी खाली ठेवली.

ती मागच्या खोलीत गेली. गाठ सोडायला आवाज होत नाही, हे मला माहीत होतं. पण आवाज आला. कच्च. मग पुन्हा, कच्च. आणि मग पुठ्ठा फाटल्याचा.

मी गुडघा विसरून धावले. खोलीच्या मधोमध सूनबाई मांडी घालून बसली होती. हातात घरातली मोठी कात्री होती. दोन खोकी आ वासून पडली होती, पुस्तकं बाहेर आली होती, आणि इतकी वर्षं जपलेल्या सुतळीचे वीतवीतभर तुकडे तिच्या भोवती विखुरले होते. तिसऱ्या खोक्यावर कात्री चालूच होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"अगं अगं," मी ओरडले, "एवढी चांगली सुतळी!"

"राहू दे आई," ती म्हणाली. "आता कशाला लागतेय?"